शोधनिबंध फुकट वाचायचा, तर तपासणीचा खर्च कोणी करायचा?

भिवापूरच्या बाजूला मिरचीचा हंगाम आला की गावोगावी मिरचीचे ढीग पडतात आणि बायका ओळीने बसून देठे काढू लागतात. या जागेला इकडे सातरा म्हणतात. मजुरी वजनावर मिळते. देठे काढतानाच पांढरी पडलेली, डाग धरलेली मिरची बाजूला करायची असते. हे दुसरे काम वेळखाऊ, आणि त्याने मजुरीचे वजन वाढत नाही. तरीही ते करून घेतले जाते, कारण माल पुढे ज्याच्या नावाने विकला जाणार त्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक टिकवायचे असते. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, म्हणजे नाव राखण्याची गरज वाढलीच.

समजा, इथल्याच एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या मुलांना प्रकल्प दिला : आपली मिरची तिखट का? तिखटपणा कॅप्सायसिन नावाच्या रसायनामुळे येतो आणि ते बियांपेक्षा बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट गाभ्यात जास्त असते, एवढे पुस्तकात मिळाले. पण मिरचीच्या निरनिराळ्या वाणांत त्याचे प्रमाण किती, हे पाहण्यासाठी मुलांनी इंटरनेटवर शोध घेतला. दोन शोधनिबंध सापडले. पहिल्याचा फक्त सारांश दिसला. पूर्ण वाचायचा तर तीस-चाळीस डॉलर भरा, अशी सूचना होती. दुसरा संपूर्ण फुकट. मात्र ज्या नियतकालिकात तो होता त्याच्या त्याच अंकात शेती, वाणिज्य, योगासने आणि अणुभौतिकी हे सारे विषय शेजारी शेजारी नांदत होते.

मुले साहजिकच म्हणणार, “पैसे मागतो तो चांगला असेल.” दुसरा एखादा म्हणेल, “ज्ञान फुकटच असले पाहिजे, म्हणून दुसरा चांगला.” दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. ती का चुकीची, हे कळण्यासाठी शोधनिबंध छापून येतो कसा आणि त्याचे पैसे कोण कोणाला देतो, हे पाहावे लागेल.

संशोधक निबंध लिहितो. त्याला त्याचे मानधन मिळत नाही. संपादक तो वाचून त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. हे परीक्षक प्रयोगाची रचना, आकडे, आलेख आणि निष्कर्ष तपासतात, दुरुस्त्या सुचवतात किंवा निबंध नाकारावा असे कळवतात. त्यांनाही बहुधा पैसे मिळत नाहीत. मग निबंध छापला जातो आणि वर्षानुवर्षे सांभाळला जातो. म्हणजे लेखक फुकट, परीक्षक फुकट. तरी नियतकालिकाची वार्षिक वर्गणी मात्र शेकडो, कधी हजारो डॉलर! विज्ञान-तंत्रज्ञानातील संशोधन छापणाऱ्या एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाचा नफा उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असतो. संशोधन पुष्कळदा जनतेच्या करातून झालेले असते आणि तेच वाचायला ग्रंथालयांनी पुन्हा पैसे मोजायचे. या व्यवस्थेविषयीची नाराजी साचत गेली आणि २००२ साली बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा निघाला : शोधनिबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावेत. या चळवळीला मुक्त प्रवेश असे नाव मिळाले.

वाचक पैसे देणार नसेल, तर कोण देणार? सर्वांत जास्त पसरलेले उत्तर असे : लेखकाने द्यावेत. निबंध स्वीकारला गेला की लेखक, म्हणजे बहुधा त्याची संस्था किंवा त्याला अनुदान देणारी यंत्रणा, प्रकाशन शुल्क भरते. उत्तर वरवर साधे आहे, पण त्याचे गणित करून पाहिले की त्यातली मेख ध्यानात येते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे उदाहरण सहज देता येईल. आकडे आपण सोयीसाठी धरलेले आहेत.

एका नियतकालिकाकडे वर्षाला १०० निबंध येतात. परीक्षक फुकट काम करत असले तरी योग्य परीक्षक शोधणे, पाठपुरावा करणे, संपादकाचा आणि कार्यालयाचा वेळ यांचा खर्च दर निबंधामागे २,००० रुपये धरू. स्वीकारलेल्या निबंधाची मांडणी आणि कायमची साठवण यांसाठी आणखी ५,००० रुपये. कडक तपासणी करून १०० पैकी १० निबंध स्वीकारले, तर १०० निबंधांच्या तपासणीचे २ लाख रुपये या १० जणांवर पडतील. प्रत्येकी २०,००० अधिक ५,००० म्हणजे २५,००० रुपये. ५० निबंध स्वीकारले तर प्रत्येकी ४,००० अधिक ५,००० म्हणजे ९,००० रुपये. आणि काहीच न तपासता सगळे स्वीकारले तर? फक्त ५,००० रुपये. मांडणीतही हात आखडता घेतला तर त्याहून कमी.

नाकारलेल्या निबंधांच्या तपासणीचा खर्च स्वीकारलेल्या निबंधांचे लेखक भरतात, असा याचा अर्थ झाला. नियतकालिक जितके चोखंदळ तितके त्याचे शुल्क जास्त. ‘नेचर’ने २०२१ साली मुक्त प्रवेशासाठी एका निबंधामागे ९,५०० युरो शुल्क ठरवले तेव्हा हेच कारण पुढे आले होते. (यात खरा खर्च किती आणि नफा किती, यावर वाद आहेच. माझ्या मते नावाचे मोल त्यात चांगलेच मिसळलेले आहे.) उलट बाजूने पाहा. प्रत्येक होकाराला शुल्क मिळते आणि प्रत्येक नकार म्हणजे अंगावर पडलेला खर्च, अशी स्थिती असेल, तर लोभी प्रकाशकाने काय करावे हे वेगळे सांगायला नको. सातऱ्यावर वजनाप्रमाणे मजुरी आहे. पण तिथे शेवटी मिरची विकत घेणारा कोणीतरी असतो आणि खराब माल निघाला तर तो परत येत नाही. इथे विकत घेणारा लेखकच आहे, आणि त्याला हवी असलेली वस्तू म्हणजे ‘छापून आले’ हा शिक्का.

हे नुसते तर्काने म्हणायचे नाही. जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकाराने यावर एक प्रयोगच केला आणि ‘सायन्स’च्या ऑक्टोबर १९१३ नव्हे, २०१३ च्या अंकात तो मांडला, म्हणजे ही काही जुनी गोष्ट नाही. त्याने काल्पनिक लेखक आणि काल्पनिक संस्था यांच्या नावाने एक शोधनिबंध रचला : शैवाक म्हणजे दगडफुलाच्या जातीतल्या सजीवातून मिळवलेले रसायन कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते. त्यात मुद्दाम ढोबळ चुका पेरल्या. औषध अल्कोहोल असलेल्या द्रावणात विरघळवून पेशींना दिले होते, पण तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना ते द्रावण दिलेलेच नव्हते. मग पेशी औषधाने थांबल्या की अल्कोहोलने? शिवाय मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, असा दावा मजकुरात होता आणि सोबतच्या आलेखात तसे काही दिसत नव्हते. ही चूक अकरावीच्या मुलालाही पकडता यावी. हा निबंध लेखकांकडून शुल्क घेणाऱ्या ३०४ मुक्त नियतकालिकांना पाठवला गेला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला; बाकीच्यांचा निर्णय झालेला नव्हता किंवा ती बंद पडलेली दिसत होती. ज्या नियतकालिकांचा ठावठिकाणा भारतात असल्याचे आढळले त्यांपैकी ६४ जणांनी होकार दिला आणि १५ जणांनी नकार.

या प्रयोगावर एक आक्षेप घेतला गेला आणि तो शिक्षकांना आवडेल असा आहे. दगडफुलाच्या निबंधात जो दोष पेरला होता तोच बोहॅननच्या प्रयोगात होता, असे टीकाकार म्हणाले : तुलनेचा गट नाही! वर्गणी घेणाऱ्या नियतकालिकांकडे तो निबंध पाठवलाच नव्हता. त्यामुळे लेखकाकडून शुल्क घेतल्याने तपासणी ढासळते, हे यातून सिद्ध होत नाही. काही नियतकालिके तपासणीचे नुसते नाटक करतात, एवढेच सिद्ध होते. वर्गणीच्या गोटातही फजिती झालेली आहेच. गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला आणि तो मागे घ्यायला २०१० साल उजाडले.

आपल्याकडे हा धंदा इतका का फोफावला, याचे मूळ मात्र प्रकाशकांपेक्षा मागणीत शोधले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांकनाची पद्धत लावली. त्यात प्रसिद्ध झालेल्या निबंधांना गुण होते. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून येणेही सक्तीचे होते. ती सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात ताजी नियतकालिके नाहीत, आठवड्याचे तास भरगच्च, आणि तरीही निबंध हवेतच. अशा महाविद्यालयातल्या शिक्षकाला ‘दोन हजार रुपये भरा, तीन दिवसांत छापू’ असा निरोप आला तर त्याने काय करावे? मी त्या शिक्षकाला सरसकट दोषी धरायला तयार नाही. पण त्याच्या निबंधामुळे खऱ्या मेहनतीचा निबंध झाकला जातो, आणि आपल्या बाईंच्या वर्गातली मुले नेमकी तोच फुकटचा निबंध वाचतात, हे नुकसान काही त्यामुळे टळत नाही.

यावर इलाज म्हणून आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. विद्यापीठांकडून सूचना मागवल्या आणि यादी फुगत गेली. ती कितपत भरवशाची आहे, हे पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. निष्कर्ष ‘करंट सायन्स’च्या मार्च २०१८ च्या अंकात प्रसिद्ध झाले. विद्यापीठांच्या सूचनेवरून यादीत आलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून त्यांनी यदृच्छेने १,३३६ निवडली. त्यांतली ३२७ मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत आधीच होती, ती वगळून १,००९ तपासली. ३४.५ टक्के नियतकालिके पहिल्याच चाळणीत गळाली : पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली होती. चुकीचा नोंदणी क्रमांक, प्रभावांकाचे बनावट दावे, नाव नसलेल्या सूचींत समावेश वगैरे. सूचींबाहेरची ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असू शकतात, असा अंदाज त्यांनी काढला.

लक्षात घ्या, या अभ्यासात एकाही निबंधाचे विज्ञान तपासण्याची गरज पडली नाही. पत्ता खरा आहे का, संपादक खरे आहेत का, एवढ्यावरच बहुतेक नियतकालिके बाद झाली.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. नंतर पुणे विद्यापीठातच एक कक्ष स्थापून ‘केअर’ नावाची नवी, छाननी केलेली यादी २०१९ पासून सुरू झाली. तिथेही भामट्यांनी वाट काढली. केवळ छापील स्वरूपात निघणाऱ्या चांगल्या, जुन्या नियतकालिकांच्या नावाने त्यांनी बनावट संकेतस्थळे उघडली आणि यादीतले नाव दाखवून शुल्क गोळा केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीच बंद केली. आता निकष सुचवलेले आहेत आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि शिक्षकांवर टाकली आहे. मध्यवर्ती यादी नसणे मला तत्त्वतः पटते. पण विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांतूनच पहिली यादी बिघडली होती, हेही विसरून चालणार नाही.

मोठ्या, नामांकित कंपनीकडे शुल्क भरले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. हिंदावी ही मुक्त नियतकालिके काढणारी संस्था वायली या जुन्या अमेरिकन प्रकाशकाने २०२१ साली विकत घेतली. तिच्या विशेषांकांत बनावट निबंधांचा आणि बनावट परीक्षणांचा सुळसुळाट झाल्याचे उघड झाले आणि एकट्या २०२३ सालात ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. विशेषांक काढायचे म्हणजे पाहुण्या संपादकांना निबंध गोळा करायला सांगायचे. आकडा वाढतो, शुल्कही वाढते. पाहणारे डोळे तेवढेच राहतात.

वाचकाकडून नाही, लेखकाकडूनही नाही, असा तिसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच राज्यात चालून दाखवलेला आहे. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय येथील अध्यापकांची संघटना १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे त्रैमासिक काढते. या शतकाच्या आरंभी त्यांनी ते इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुले केले आणि लेखकाकडूनही शुल्क घेतले नाही. त्यांना तांत्रिक बाजू सांभाळून देणारी मेडनो ही मुंबईचीच संस्था, डॉ. डी. के. साहू यांनी ती उभी केली. इंटरनेटवर फुकट मिळते म्हटल्यावर छापील अंकाची वर्गणी कोण भरणार, अशी भीती होती. ती खरी ठरली नाही. छापील वर्गणी आणि जाहिराती यांवर खर्च भागत राहिला, आणि जगभर वाचले जाऊ लागल्याने परदेशातूनही निबंध येऊ लागले. इतर अनेक भारतीय वैद्यकीय संघटनांनी मग आपली नियतकालिके मेडनोकडे सोपवली. २०११ साली वोल्टर्स क्लुवर या बड्या आंतरराष्ट्रीय कंपनीने मेडनो विकत घेतली, हा पुढचा भाग.

बंगळुरूहून १९३२ पासून निघणारे ‘करंट सायन्स’ आणि भारतीय विज्ञान अकादमीचे, शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी १९९६ पासून निघणारे ‘रेझोनन्स’ हीदेखील संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. इथे खर्च नाहीसा झालेला नाही. तो अनुदानातून, सभासदांच्या वर्गणीतून आणि मुख्य म्हणजे संपादकांच्या विनामोबदला वेळातून भागतो. केईएमसारख्या गर्दीच्या रुग्णालयातला डॉक्टर बाह्यरुग्ण विभाग संपवून संध्याकाळी दुसऱ्याचा निबंध दुरुस्त करत बसतो, तो खर्च कुठल्याच ताळेबंदात येत नाही. असा माणूस निवृत्त झाला की पुढचा मिळेल याची हमी नसते. या मार्गाचा कच्चा दुवा तोच आहे.

सरकारने दुसरीकडून हात घातला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांना ती वाचता येऊ लागली. सोय मोठी आहे. पण शाळा तीत नाहीत, त्यामुळे भिवापूरच्या बाईंपुढचे कुलूप तसेच राहिले. आणि हे पैसे वाचनासाठी आहेत. भारतीय नियतकालिकांची तपासणी सुधारण्यावर याचा थोडा भाग जरी खर्च झाला असता, तर बरे झाले असते असे वाटते.

आता वर्गात करण्याजोगे काही. प्रत्येक नियतकालिकाला आठ अंकी आयएसएसएन क्रमांक असतो. ‘करंट सायन्स’चा ००११-३८९१ आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा : ० + ० + ६ + ५ + १२ + २४ + १८ = ६५. यात शेवटचा तपासणी अंक १ मिळवला की ६६. ११ ने निःशेष भाग जातो. भाग गेला नाही तर क्रमांक चुकीचा किंवा मनाने रचलेला. (शेवटी कधी कधी रोमन एक्स दिसतो, तो १० धरायचा.) केईएमच्या त्रैमासिकाचा क्रमांक ००२२-३८५९ मुलांना करायला द्या. मात्र एक गोष्ट सांगून ठेवा : क्रमांक बरोबर आला म्हणजे नियतकालिक चांगले, असे ठरत नाही. गाडीला नंबर मिळाला म्हणून चालकाला गाडी येते असे आपण मानत नाही. क्रमांक चुकला तर मात्र पुढे पाहण्याची गरज उरत नाही.

यानंतरचे प्रश्न साध्या व्यवहारातले आहेत. संपादक मंडळातल्या व्यक्ती ज्या संस्थेत असल्याचे लिहिले आहे, त्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांची नावे आहेत का? निबंध कधी आला आणि कधी स्वीकारला, या तारखा छापलेल्या असतात. त्यांत तीन-चार दिवसांचेच अंतर असेल तर परीक्षकाने तो वाचला कधी? शुल्क किती आणि कशासाठी, हे आधीच स्पष्ट सांगितले आहे का? चुकलेले निबंध मागे घेतल्याची एक तरी नोंद आहे का? एकही चूक न सापडलेले नियतकालिक दिसले, तर मला जरा शंकाच येते.

राहिला तो कुलूपबंद निबंध. त्याच्या पहिल्या पानावर, सारांशाच्याच जवळ, पत्रव्यवहारासाठी एका लेखकाचा ई-मेल पत्ता दिलेला असतो. मुलांनी चार ओळींचे पत्र लिहावे : आम्ही अमुक शाळेचे विद्यार्थी, आमच्या गावच्या मिरचीवर प्रकल्प करतो आहोत, आपला निबंध वाचायला मिळेल का? बहुतेक प्रकाशक लेखकाला अशी एखादी प्रत खासगी रीतीने पाठवू देतात, आणि आपला निबंध भिवापूरच्या शाळेत कोणाला वाचायचा आहे, हे कळल्यावर बरेच लेखक आनंदाने पाठवतात.